मूळ बरणीतले सोंडे

सोंड्याला राग येत नाही, हे नागनाथ हंबर्डे यांचं पस्तीस वर्षांच्या सहवासातून बनलेलं मत होतं. माणसाला येतो, अधिकाऱ्याला जरा जास्तच येतो. पण गव्हातला सोंडा बरणीतून काढा, मोजा, पुन्हा आत टाका, तो आपली सोंड खाली घालून चालू लागतो. परभणीच्या साठवण धान्य कीटक केंद्रातून निवृत्त होऊन नागनाथरावांना नऊ वर्षं झाली होती. तरी दर मंगळवारी आणि शनिवारी सकाळी साडेनऊला ते केंद्रात हजर असत. कुणी बोलावलेलं नसे आणि कुणी अडवतही नसे.

अडवणार तरी कसं? २०४१ साल उजाडलं होतं आणि केंद्रातलं कीटकपालन आता यंत्रं करत. छतातले कॅमेरे सोंडे मोजत, कपाटं आपली हवा आपणच दमट-कोरडी करत आणि काही बिनसलं की बाईच्या आवाजात तक्रार करत. फक्त कोपऱ्यातल्या एका जुन्या कपाटातल्या बारा बरण्या अजून हातानं सांभाळायच्या होत्या. जाड काचेच्या, तोंडाला मलमलीचं फडकं, फडक्यावर रबर. चिठ्ठीवर एकच शब्द होता, 'मूळ'.

१९७४ साली गोळा केलेल्या सोंड्यांचा हा वंश. त्याला कधीही, कसल्याही विषाचा वारा लागू द्यायचा नाही, हा केंद्राचा पहिला नियम. गोदामातला सोंडा विषाला किती दाद देत नाही हे ठरवायचं, तर ज्यानं विष पाहिलेलंच नाही असा सोंडा शेजारी लागतो. वाण्याकडची वजनं तपासायला जसं एक खात्रीचं वजन वेगळं ठेवतात, तशा या बरण्या होत्या. १९९९ पासून त्या नागनाथरावांच्या ताब्यात होत्या.

त्या शनिवारी ते मलमल बदलत होते, तेवढ्यात डॉ. वसुधा राजूरकर स्वतः दारात आल्या. मॅडम एकाहत्तरच्या. केंद्राच्या माजी प्रमुख, पण प्रयोगशाळा काही सुटलेली नव्हती. त्या कधी कुणाला बोलवायला उठून येत नसत.

"हंबर्डे, हातातलं ठेवा. आत या. चहा सांगितलाय."

आत निखत बसली होती. डॉ. निखत पठाण, केंद्रातली सगळ्यात तरुण शास्त्रज्ञ. तिच्यापुढे कुकरएवढं एक यंत्र होतं. त्याला सगळे वंशवाचक म्हणत. एक सोंडा चिरडून आत घातला की चहा होईपर्यंत त्याची जनुकं वाचून मोकळं.

"मामा, तुमच्या बरण्यांनी कमाल केलीये," निखत म्हणाली.

मॅडमनी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना नेहमीच सांगत आल्या होत्या. शिपायाला काय कळतंय, असा विचार या बाईच्या मनाला कधी शिवला नाही, आणि नागनाथरावांचा त्यांच्यावरचा जीव तिथूनच सुरू झाला होता.

गोष्ट अशी होती. सोंड्याच्या आतड्यात आणि चरबीत काही विकरं असतात. विष शरीरात आलं की ही विकरं त्याला प्राणवायूचा एक अणू चिकटवतात. मग ते विष पाण्यात विरघळण्याजोगं होतं आणि बाहेर टाकता येतं. ही विकरं घडवणाऱ्या जनुकांचं खानदान मोठं, सायटोक्रोम पी-४५० नावाचं. माणसाच्या यकृतातही त्यांचे नातलग कामाला असतात. पण त्यातलं सहाव्या क्रमांकाचं घराणं, सीवायपी-सहा, कीटकांच्यातच सापडतं. झाडं कोट्यवधी वर्षं पानांत-बियांत कडूजहर भरत आली आणि कीटक या घराण्याच्या जोरावर ते पचवत आले. माणसानं अलीकडे फवारे आणले, तेव्हा किड्यांनी तीच जुनी हत्यारं काढली. एखाद्या सोंड्यात या जनुकाच्या चुकून दोन-तीन प्रती झाल्या की विकर दुप्पट-तिप्पट बनतं. तो वाचतो, आणि पुढची पिलावळ त्याचीच.

"मी पीएचडी करताना मूळ बरणीतले काही सोंडे स्पिरिटमध्ये ठेवले होते. अठ्ठ्याण्णव सालचे," मॅडम म्हणाल्या. "निखतनं ते वाचले. जनुकाची एकच प्रत. आणि आजचे, त्याच बरणीतले, त्याच वंशाचे. किती प्रती असतील?"

"किती?"

"तीन. विष न दाखवता, हंबर्डे. आपण समजत होतो की विषामुळे निवड होते आणि प्रती वाढतात. इथे काहीच नव्हतं, तरी वाढल्या. म्हणजे हे घराणं आपोआप वाढतं. मी एकतीस वर्षं जे शोधत होते ना, ते माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं."

मॅडमचा चेहरा तरुण दिसत होता. नागनाथरावांनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"याच्यामुळं 'शमन'ची मात्रा बदलावी लागणार," निखत म्हणाली.

शमन म्हणजे केंद्राची नवी भुकटी. गोदामातला गॅस आता सोंड्यांना शिंकसुद्धा आणत नव्हता. रेशनच्या गव्हाचं पोत्यातच पीठ होत होतं. शमनमध्ये दोन गोष्टी होत्या. एक रेणू सीवायपी-सहाचं जनुक गप्प करायचा आणि दुसरं, चिमूटभर जुनंच कीटकनाशक, निःशस्त्र झालेल्या सोंड्याला संपवायचं. आधी मात्रा अगदी हलकी ठरली होती. पण प्रती आपोआपच वाढणार असतील, तर पहिल्या दिवसापासून तिप्पट द्यायला हवी, एकही सोंडा वाचता कामा नये, असं मॅडमचं म्हणणं पडलं. तिप्पट मात्रा मर्यादेच्या आत बसत होती, पण अगदी काठावर. हा गहू शाळांत आणि अंगणवाड्यांत शिजणार होता, त्यामुळे समितीनं एकच अट घातली होती.

मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. "मूळ वंशात बाहेरचा एकही कीटक मिसळलेला नाही, असा दाखला हवाय. बरण्या तुमच्या ताब्यात होत्या, सही तुमचीच. सोमवारी समिती बसतेय. आणि एक सांगू? माझ्या भाषणात पहिलं वाक्य तुमच्यावर असणार आहे. इतकी वर्षं एक माणूस बरणीला विषाचा वारा लागू देत नाही, म्हणून हे शक्य झालं."

"घरी नेऊन वाचतो," नागनाथराव म्हणाले. मॅडमना त्यात काही वावगं वाटलं नाही. हंबर्डे कुठलाही कागद न वाचता सही करत नसत.

घरी आल्यावर ते दुपारभर गच्चीवर बसून राहिले. गच्चीवर आता सौरपत्रे होते. पूर्वी तिथे मे महिन्यात पाय ठेवायला जागा नसे. कुरडया, सांडगे, मिरच्या, आणि मधोमध जुन्या लुगड्यांवर पसरलेला वर्षाचा गहू. त्या सगळ्यावर प्रयागचं राज्य. डोक्यावर पदर, हातात चिंचेची काठी, आणि चिमण्यांशी चाललेलं भांडण. नवरा उन्हातून आला की आधी पाण्याचा तांब्या आणि मग "आज किती झाले तुमचे पोरं?" हा प्रश्न. सोंड्यांना ती त्यांचे पोरं म्हणायची. स्वतःला मूल झालं नाही, हे दुःख तिनं असं चेष्टेवारी नेलं होतं. नागनाथरावांना ती आठवली की अजूनही जीव गलबलायचा, आणि ती रोज आठवायचीच.

खंडेनवमीला ती केंद्रात यायची. सगळे यंत्रांना हळदकुंकू लावायचे, ही बरण्यांना झेंडूच्या बारीक माळा घालायची. मॅडम तिला बिब्ब्याबद्दल, कडुलिंबाबद्दल खोदून खोदून विचारायच्या आणि म्हणायच्या, "प्रयागबाई, तुम्ही आमच्या केंद्राच्या बाहेरच्या शास्त्रज्ञ." हे वाक्य तिनं माहेरी, सासरी, शेजारी, सगळ्यांना सांगितलं होतं.

आणि मग २०१० चा मे महिना आला. भांडारातला पाइप फुटला आणि सोंड्यांना खायला ठेवलेला, बिनफवारणीचा गहू ओला झाला. दोन पोती वाळवायला घरी आली. मॅडम दीड महिन्यासाठी परदेशी प्रशिक्षणाला गेल्या होत्या. नागनाथराव दोन दिवस पाथरीला लग्नाला गेले आणि परत आले तो पोती वाळून, शिवून तयार. बारा बरण्यांत नवा गहू भरला, सगळे सोंडे त्यात सोडले, जुनं धान्य नियमाप्रमाणे जाळलं.

बाराव्या दिवशी बरण्यांत हालचाल नव्हती. सगळे मेलेले.

त्यांनी मूठभर गहू रुमालात बांधून घरी आणला. प्रयागनं पाहिला आणि सहज सांगितलं, "त्याला बोरिक पावडर लावली ना मी. आपल्या गव्हाला लावत होते, म्हणलं यांच्या बी लावून टाकावी. कीड लागायला नको."

"तिथं कीडच लागायला पाहिजे होती, प्रयाग."

क्षणभर ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग दोघंही हसले, पोट धरून हसले, आणि हसता हसता ती पायरीवर बसली आणि रडायला लागली. छत्तीस वर्षांचा वंश एका चमचाभर पावडरीनं गेला होता. दरवर्षी मे महिन्यात घरोघरी बायका जे करतात तेच तिनं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती काही न सांगता किनवटच्या गाडीत बसली. किनवटच्या पलीकडे जंगलालगत तिचं माहेर. तिथे कणगीत धान्य भरताना थराथराला बिब्बे आणि कडुलिंबाचा पाला घालायची रीत, पणजीच्याही आधीपासूनची. दुकानातली पावडर त्या घरानं कधी पाहिली नव्हती. आणि इतका बिब्बा असूनही त्या कणगीत सोंडे असायचेच, ही आईची जन्माची तक्रार. तिसऱ्या दिवशी प्रयाग परत आली ती पोळ्यांच्या डब्यात सोंडे घेऊन. डब्याच्या झाकणाला तिनं खिळ्यानं भोकं पाडली होती.

"चारशे हायत. मोजून आणलेत. यांनी बी कधी औषध बघितलं नाही. सोडा बरणीत."

त्यांनी सोडले. मॅडम परतल्या तेव्हा बरण्या गजबजलेल्या होत्या. आकडे जरा वेगळे यायला लागले, ते मॅडमनी नव्या गव्हावर ढकललं. प्रयागनं मात्र त्या डब्यावर हात ठेवून नागनाथरावांकडून शब्द घेतला होता. "मॅडमला कधी कळू द्यायचं नाही. त्या मला लई शहाणी समजत्यात."

प्रयाग गेली त्याला आठ वर्षं झाली. ती गेली, त्याआधी तिचं माहेरचं जुनं घर पडलं, कणगी गेली. तिनं आपल्या हातानं मोजून आणलेल्यांची पिलावळ मात्र त्या बारा बरण्यांत चालत-फिरत होती. नागनाथराव मंगळवार-शनिवार केंद्रात जात ते याच्यासाठी. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंही.

आता तीन प्रती कुठून आल्या हे त्यांना एकट्याला ठाऊक होतं. आपोआप काही वाढलं नव्हतं. शंभर-दीडशे वर्षांच्या बिब्ब्यानं आणि कडुलिंबानं त्या वाढवल्या होत्या. सही केली तर प्रयागला दिलेला शब्द राहत होता, मॅडमचा आयुष्यभराचा शोध राहत होता, आणि लेकरांच्या पोळीत विनाकारण तिप्पट औषध जात होतं. त्यांनी रविवारी जेवण केलं नाही.

सोमवारी सकाळी आठ वाजता ते मॅडमच्या खोलीत गेले. निखतही होती. बिनसहीचा दाखला त्यांनी टेबलावर ठेवला.

"मॅडम, माझी सही होणार नाही. ते मूळचे सोंडे नाहीत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पाइप, गहू, बोरिक, किनवट, डबा. एक गोष्ट मात्र गाळली. ओला गहू केंद्राबाहेर न्यायचा नाही असा नियम होता, आणि तो घरी नेऊन वाळवा असं त्यांना मॅडमनीच सांगितलं होतं. मॅडमना ते आठवत नसावं. आठवण करून देण्याचा हा दिवस नव्हे, असं त्यांना वाटलं.



"एकतीस वर्षं," मॅडम म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी तुमच्या बायकोच्या डब्यातल्या सोंड्यांशी सगळ्या महाराष्ट्राची गोदामं ताडून बघतेय. एकोणीस लेख आहेत माझे त्यावर. तुम्हाला एकदाही वाटलं नाही?"

"रोज वाटायचं."

"मग?"

"शब्द दिला होता, मॅडम. आणि खरं सांगायचं तर भीत होतो. तुम्ही मला केंद्रात येऊ नका म्हणाल, याची."

"येऊ नका," मॅडम म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

ते उठले. इतक्या वर्षांत त्या खोलीतून ते पहिल्यांदाच नमस्कार न करता बाहेर पडले.

समितीपुढे मॅडमनी बैठक पुढे ढकलायची विनंती केली, एवढं निखतनं फोनवर कळवलं. चार दिवसांनी ती घरी आली. "मामा, नुसतं सांगून चालत नाही. पुरावा लागतो. चला किनवटला."

प्रयागच्या भावाकडे आता पत्र्याची कोठी होती, पण भावजय अजून धान्यात बिब्बे टाकत होती. नागनाथरावांना बघून तिनं डोळ्याला पदर लावला, निखतला बघून भाकरी टाकली. निखतनं अंगणात बाजेवर यंत्र मांडलं आणि कोठीतला एक सोंडा आत घातला. नागनाथराव जिथे बसले होते तिथून पूर्वी कणगी दिसायची. सासऱ्यानं पहिल्या दिवाळीला त्यांना तिथेच पाट मांडला होता आणि दाराआडून प्रयाग हसत होती.

"तीन," निखत म्हणाली. "आणि जनुकाचं वळणसुद्धा तेच. मामा, हे आपल्या बरणीचे सख्खे आहेत. मूळ वंशाशी यांचं नातंच नाही."

"मग मात्रा?"

"पहिलीच ठीक होती. हलकी."

त्यांनी मान हलवली. एवढं झालं तरी पुष्कळ झालं, असं ते स्वतःला सांगत राहिले, आणि परतीच्या बसमध्ये मात्र त्यांना काही केल्या प्रयागच्या चेहऱ्याकडे बघवेना. ती मनात रुसून बसली होती.

पुढच्या मंगळवारी ते केंद्रात गेले नाहीत. शनिवारीही नाही. त्यानंतरच्या सोमवारी मॅडमचा फोन आला. "या," एवढंच म्हणाल्या.

मॅडम थकलेल्या दिसत होत्या. टेबलावर एकोणीस लेख एकावर एक रचलेले होते आणि प्रत्येकातून पिवळ्या चिठ्ठ्या डोकावत होत्या.

"हंबर्डे, ओला गहू घरी न्यायला कुणी सांगितलं होतं?"

"आठवत नाही."

"मला आठवलं. गाडीच्या दारात उभी होते, विमान चुकेल म्हणून घाई होती. तुम्ही म्हणालात, नियमात बसत नाही. मी म्हटलं, न्या हो, प्रयागबाई वाळवतील." मॅडमनी चष्मा काढला. "पंधरा दिवस मी तुमच्यावर चिडून घालवले आणि काल आंघोळ करताना हे आठवलं. तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"त्या दिवशी तुमचं आधीच लई गेलं होतं, मॅडम."

 मॅडमनी एक छापील पान पुढे केलं. ज्या नियतकालिकात त्यांचा पहिला लेख आला होता, त्याला पाठवायची दुरुस्ती होती. इंग्रजीत होती. मथळ्याखाली दोन नावं होती. एन. हंबर्डे, व्ही. राजूरकर.

"पहिलं नाव तुमचं. खरं काय ते तुम्ही सांगितलंत, मी फक्त लिहिलंय. वाचून सही करा. आणि मंगळवारपासून या, बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायच्यात."

बाहेर व्हरांड्यात त्यांनी ते पान निखतपुढे धरलं. सदुसष्ट वर्षांत त्यांचं नाव लग्नपत्रिका सोडून कुठे छापलं गेलं नव्हतं, आणि छापलं जाणार होतं ते असं.

"मराठीत सांग बाई. सगळं सांग."

निखतनं वाचलं. मे २०१० मध्ये मूळ वंश नष्ट झाला. गहू केंद्राबाहेर वाळवण्याचा निर्णय राजूरकर यांचा होता. त्या गव्हाला बोरिक पावडर लागली. नवा वंश किनवटजवळच्या एका घरातल्या, बिब्बा घालून साठवलेल्या धान्यातून आणला गेला. प्रती आपोआप वाढतात हा निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे.

"पावडर कुणी लावली, ते?"

"नाही लिहिलं."

"सोंडे कुणी आणले?"

"तेही नाही, मामा. त्यांचं नाव कुठेच येऊ दिलेलं नाही मॅडमनी. मुद्दामच."

म्हणजे मॅडमना कळलं होतं, तरी जगापुरता शब्द राहिला होता. शहाण्या बाईचं शहाणपण कुणी काढून घेतलं नव्हतं. नागनाथरावांना हायसं वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ वाईटही वाटलं. चारशे सोंडे एक-एक मोजून, डब्याला भोकं पाडून, उन्हातान्हात मांडीवर घेऊन आलेली बाई जगाच्या कुठल्याच कागदावर नव्हती. ते आणि मॅडम गेल्यावर ती कोण होती हे इथे कुणालाच ठाऊक असणार नव्हतं.

त्यांनी सही केली. पान निखतच्या हातात दिलं आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

"तुला काम हाय का आता?"

"नाही, मामा."

"मग बस जराशी. लिहून घ्यायचं नाही, नुसतं ऐकायचं," ते म्हणाले. "तिचं नाव प्रयाग होतं."